जड झालेलं स्टिअरिंग

गेल्या वर्षी सुगीच्या तोंडावर मी आप्पांना सांगून टाकलं, "आता ट्रॅक्टरवर बसायचं बास. ड्रायव्हर ठेवूया." आप्पा जेवत होते. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात घातला आणि म्हणाले, "बघ बाबा, तुला बरं वाटंल तसं." एरवी साध्या गोष्टीला चार फाटे फोडणारा माणूस असा मुकाट्यानं कबूल झाला, तेव्हाच खरं तर मला शंका यायला पाहिजे होती.

आमचं गाव निपाणीपासून जवळ, वेदगंगेच्या काठाला. काळी जमीन, ऊस जास्त. मी शाळेत मास्तर, रविवारी आणि सुट्टीत शेतावर. बाकी सगळं आप्पांच्या जिवावर. ट्रॅक्टर २००५ सालचा, आम्ही तो २०१२ साली जुना घेतला. घ्यायचा तर पॉवर स्टिअरिंगचाच, हा हट्ट आप्पांचा. त्याआधी वीस वर्षं त्यांनी साध्या स्टिअरिंगचा ट्रॅक्टर चालवलेला. पुढचं चाक दगडावर चढलं की ते स्टिअरिंग उलटा झटका मारायचं. अंगठा आतल्या दांड्यांत अडकला तर मोडलाच. मला ट्रॅक्टर शिकवताना आप्पांनी गिअरच्या आधी अंगठा बाहेर ठेवायला शिकवलं होतं. हा ट्रॅक्टर दारात आला त्या दिवशी ते एका बोटानं स्टिअरिंग फिरवून आईला दाखवत होते.

तेच आप्पा दोन वर्षांपासून बांधाला वळताना सीटवरून अर्धे उठायचे आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढायचे. रात्री आई खांद्याला तेल चोळायची, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायची. आप्पांचं वय एकाहत्तर. मी सगळा दोष वयाच्या नावावर मांडला, आणि वाईट म्हणजे आप्पांनीही मांडला. रविवारी मी चालवायचो तेव्हा मलाही स्टिअरिंग जड लागायचं. पण माझा हात खडूचा, म्हणून त्याचं काही वाटलं नाही.

ड्रायव्हरशी बोलणं झालं, त्याला थोडी उचलही दिली. त्या संध्याकाळी आई म्हणाली, "हात गेलाय म्हणतोस, मग काल म्हशीचं दावं एका हातानं धरून वढ्यावरनं वढत कुणी आणलं? सगळं जमतंय की त्यास्नी. ते चाक तेवढं फिरंना."

ट्रॅक्टर आधी तालुक्याच्या एका गॅरेजात दाखवला. तिथल्या पोरानं बॉनेटही न उघडता सांगितलं, "पंप गेलाय, बदला." खर्च पंधरा हजारांच्या घरात. मग कुणीतरी संकेश्वरकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. ते कानडी, आमच्याशी मोडकं मराठी बोलायचे, पण विचारायचे ते नेमकं. दोन्हीकडं जड की एकाच बाजूला? सकाळी थंड असताना जास्त की तापल्यावर? रेस वाढवली की हलकं होतं का?

उत्तरं आप्पांनी दिली. दोन्हीकडं. तापल्यावर जास्त. आणि रेस वाढवली तर हलकं व्हायचं सोडून अजूनच जड होतं, वर कुईं असा आवाज येतो.

मिस्त्री हसले. "नोड्री आप्पा, पंप झिजला तर रेसनं थोडं तरी हलकं व्हायला पाहिजे. पंप जोरात फिरतो, तेल जास्त देतो. इथं उलटं. पंपाला तेलच मिळंना झालंय."

तरीही त्यांनी घाई केली नाही. आधी पुढच्या टायरची हवा बघितली. मग पुढचा आस जॅकवर उचलून, खाली ठोकळे लावून, सिलिंडरची पिन काढली आणि चाकं हातानं फिरवून बघितली. सहज फिरली. म्हणजे किंगपिन जाम नव्हते, ग्रीस मात्र एका बाजूला नावालाच होतं. ते पंप-ग्रीस माझ्या हातात देऊन म्हणाले, "मास्तर, हे तुमचं काम." मग तेलाच्या टाकीचं झाकण काढलं. तेल पातळीला होतं, पण वर ताकासारखा फेस. तेलात हवा शिरत होती.

टाकीतून पंपाकडं जाणारा पाईप त्यांनी दोन बोटांत दाबला. भाजलेल्या वांग्यासारखा मऊ. ट्रॅक्टर चालू करून मला रेस द्यायला सांगितली, तसा तो पाईप आमच्या डोळ्यांदेखत आत ओढला जाऊन चपटा झाला. काढून चाकूनं उभा चिरला तर आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता.

"हा पाईप कुणी घातला? हा पाण्याचा हाय."

मीच घातला होता. २०२१ च्या दिवाळीत जुना पाईप गळायला लागला, तेलाचा पाईप त्या दिवशी मिळाला नाही, आणि मिळणार होता तो महागही वाटला. मोटारीच्या दुकानातून त्याच जाडीचा रबरी पाईप आणून क्लिप आवळून टाकली. गळती थांबली. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं. पाण्याच्या पाईपाचं रबर तेलात फुगतं, मऊ पडतं, आणि तेल तापलं की त्याच्यात राम राहत नाही, हे मला कुठं माहीत! नशीब एवढंच, की हा ओढीचा पाईप होता. पंपातून पुढं जाणाऱ्या दाबाच्या पाईपाला असला उद्योग केला असता तर तो फुटून तेल अंगावर आलं असतं. त्या बाजूची गळती तर हातानं चाचपूनही बघायची नसते. बारीक छिद्रातून सुटलेलं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठा धरून बघायचं.

मिस्त्रींनी आणखी एक सांगितलं, ते मला फार लागलं. असल्या स्टिअरिंगमध्ये चाकापर्यंत लोखंडी दांडा जातच नाही, सगळं काम तेल करतं. पंप तेल देईना झाला तरी स्टिअरिंग फिरतं. कारण तेव्हा फिरवणाऱ्याचा हातच पंप होतो. म्हणजे दोन वर्षं आप्पा त्या चाकांकडं स्वतःच्या खांद्यानं तेल ढकलत होते.

मिस्त्रींच्या प्रश्नाला मी तोंड उघडायच्या आतच आप्पा म्हणाले, "दुकानदारानं दिला असंल चुकीचा." पाईप आणायला मी गेलो होतो आणि तो बसवताना बॅटरी धरून आप्पाच शेजारी उभे होते.

तेलाचा पाईप आला, फिल्टर बदलला, जुनं तेल काढून पुस्तकात लिहिलेलं नवीन भरलं. मग पुढची चाकं उचललेलीच ठेवून, इंजिन मंद चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश दहा-पंधरा वेळा फिरवलं. टोकाला दाबून धरायचं नाही. मध्ये मध्ये टाकीत तेल घालत राहायचं. फेस गेला, कुईं आवाज गेला. मजुरी आणि सामान धरून अडीच हजारांत भागलं. ड्रायव्हरला दिलेली उचल मात्र परत मागायला मला तोंड नव्हतं.

आप्पा सीटवर बसले. खळ्यात एक फेरी मारली, दुसरी मारली. अंगठा बाहेर ठेवायची सवय अजून तशीच आहे.

खांदा काही त्यानं लगेच बरा झाला नाही. थंडी पडली की अजून ठणकतो. त्या रात्री जेवताना मी आप्पांना सांगितलं, की तो पाईप पाण्याचा आहे हे मला घेतानाच माहीत होतं.

"किती वाचलं हुतं?" आप्पांनी विचारलं.

"दोन-अडीचशे."

आई चुलीपुढून म्हणाली, "तेवढ्याचं तर म्या तेल चोळलं."