कोची बंदरातले सात तास

बोटीने फिरायला जाण्याची हौस ना मला होती, ना आमच्या ह्यांना. पण दोन वर्षांपूर्वी ह्यांची बायपास झाली आणि तेव्हापासून त्यांचे जग टिळकवाडीतले घर आणि कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान एवढेच उरले. शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावायची नवीच सवय लागली. घरातसुद्धा, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. म्हणून पुण्याच्या मुलाने आणि धारवाडच्या लेकीने मिळून लग्नाच्या छत्तिसाव्या वाढदिवसाला मुंबई-कोची बोटीची तिकिटे हातात ठेवली. डॉक्टरही "खुशाल जा" म्हणाले. मग नाही म्हणायला कारणच राहिले नाही.

मुंबईहून निघाल्यावर एक अख्खा दिवस नुसते पाणी. त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. खाणे आणि पुन्हा खाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी बोट कोचीला लागली ती विलिंग्डन बेटावर. हे बेट देवाने केलेले नाही. शंभर वर्षांपूर्वी रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनियरने बंदर खोल करण्यासाठी तळातला गाळ उपसला, त्याचाच भराव टाकून ते तयार झाले. उतरताना बजावून सांगितले होते : चारच्या आत परत या, बोट कुणासाठी थांबत नाही. ते वाक्य माझ्या डोक्यात दिवसभर घड्याळासारखे टिकटिकत होते.

बाहेर रिक्षावाल्यांची गर्दी. एकाशी नऊशे रुपयांत दिवसभराचे ठरवले. त्याचे हिंदी मोडके, माझे त्याहून मोडके, त्यामुळे भांडण व्हायचा प्रश्नच नव्हता.

आधी फोर्ट कोचीची ती चिनी जाळी पाहिली. फोटोत सगळ्यांनी पाहिली असतील, पण ती चालतात कशी हे पाहायला तिथेच उभे राहावे लागते. सागवान आणि बांबूच्या मोठमोठ्या दांड्या, एका टोकाला घराच्या छपराएवढे जाळे, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले धोंडे. चार-पाच माणसे दोर ओढतात, धोंडे खाली येतात आणि जाळे पाण्यातून वर उठते. हे गोकाकचे. लहानपणी मळ्यात विहिरीवर पाहिलेले त्यांना आठवले आणि मोठ्याने म्हणाले, "नम्म एत इद्दंग ऐतल्ल!" आमच्या घरी ते कानडीत बोलतात आणि मी मराठीत उत्तर देते, आपल्याकडे अशी घरे काही कमी नाहीत. म्हटले, "हो, पण आपल्या एताला पाणी तरी यायचं." जाळ्यात बोटाएवढे सात-आठ मासे आणि ढीगभर जलपर्णी.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामा 1524 साली नाताळच्या आदल्या दिवशी कोचीतच वारला आणि त्याला इथे पुरले. पुढे 1539 मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. आता नुसता दगड, भोवती कठडा. मला त्या दगडापेक्षा छताला टांगलेले कापडी पंखे जास्त आवडले. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात; बाहेर उन्हात उभे राहून कुणीतरी ओढायचे, तेव्हा आतल्या साहेबाला वारा.

मट्टनचेरीला ज्यू टाउनच्या गल्लीत पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. तिथले परदेशी सिनेगॉग 1568 चे. चपला बाहेर काढून आत जायचे. पायाखाली निळ्या नक्षीच्या, हाताने रंगवलेल्या चिनी फरशा. वर झुंबरे. 1948 नंतर इथले ज्यू एकामागून एक इस्रायलला गेले. गल्लीला नाव त्यांचे, दुकाने मात्र दुसऱ्यांची. ह्या दुकानांनीच घात केला. वेलची, जायपत्री, सुंठीचा वास आला की माझे पाय आपोआप वळतात. "दोनच मिनिटं हं," म्हणून मी आत शिरले.

बाहेर आले तो हे नाहीत.

गल्लीच्या ह्या टोकाला नाहीत, त्या टोकाला नाहीत. दोघांचे मोबाइल माझ्याच पर्समध्ये. गोळ्यांची डबीही माझ्याकडे. ऊन असे की अंगाला चिकटत होते. वेलचीचा पुडा हातात घट्ट धरून मी सिनेगॉगपर्यंत तीनदा जाऊन आले. काय काय मनात आले ते लिहीत नाही. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून जे जे सुचले होते, तेच सगळे पुन्हा. रिक्षावाला बिचारा एका बाजूने पळाला, मी दुसऱ्या.

वीस-पंचवीस मिनिटांनी सापडले. मागच्या रस्त्यावर लोणच्या-पापडाचे एक दुकान होते, तिथे लाकडी स्टुलावर आरामात बसले होते. समोर सत्तरीचे दुकानदार, धोतर नेसलेले. बहीण मंगळूरला दिलेली, म्हणून त्यांना कानडी येत होते आणि हे दोन दिवस कानडीला भुकेलेले!

"अहो, किती शोधायचं माणसाला! गोळीची वेळ झाली!" मी म्हटले. आवाज रडवेला झाला असणार.

"इल्ले अदीनल्ल, एल्लि होगतीनि?"

माझे मराठी ऐकून दुकानदार हसले, पेला पुढे करून म्हणाले, "उदक जाय?" माझी आजी साखळीची. ती गेल्यापासून आमच्या घरात पाण्याला कुणी उदक म्हटले नव्हते. मी स्टुलावर बसलेच.

त्यांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेले. देव बरोबर, भाषा बरोबर. ह्याच कोचीच्या कोकणी समाजातले रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन वैद्य. डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडेने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ केला, त्यात त्यांनी मदत केली आणि 1675 साली त्याबद्दल लिहून दिलेली साक्ष नागरी लिपीत, कोकणीत, पहिल्या खंडात छापली आहे. म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या दुसऱ्याच वर्षीची! हे मी वाचले होते. पण त्या बोलीत "बसा" म्हणणारा माणूस समोर असणे वेगळे.

"तिरुमल देवळात जाऊन या, दुपारी बंद होतं," त्यांनी सांगितले आणि स्वतःही आमच्याबरोबर रिक्षात बसले. चेरलाईचे ते व्यंकटेशाचे देऊळ कोकणी लोकांचे. दाराशी पोचल्यावर कळले की पुरुषांनी शर्ट काढून आत जायचे. हे थबकले. गळ्यावरच्या गुंडीला नुसता हात लावला आणि मला म्हणाले, "नी होगि बा. ना इल्ले निल्लतीनि."

मी काहीच बोलले नाही. एरवी बोलले असते. आताच पंचवीस मिनिटे ह्या माणसाशिवाय काढली होती, त्यामुळे बोलायचे त्राणच नव्हते. दुकानदारांनी आपला शर्ट काढून खांद्यावर टाकला आणि ते आत निघून गेले, मागे न बघता. ह्यांनी इकडे बघितले, तिकडे बघितले. आतून घंटा वाजली. मग एकेक गुंडी काढली, शर्टाची घडी घालून माझ्या हातात दिली.

छातीवरचा तो वीतभर व्रण मी घरी ड्रेसिंग करताना रोज पाहिलेला. तेव्हा लाल होता. आज उजेडात पाहिला तर पांढरट रेघ झालेली. आत पंचवीस-तीस उघडी पोटे, जानवी, घाम. कुणी ह्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. व्यंकटेशासमोर हे बराच वेळ हात जोडून उभे होते. मी काय मागितले ते आठवत नाही. बहुधा चारच्या आत बोट मिळू दे, हेच.

डच पॅलेस घाईत झाला. पोर्तुगिजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला, डचांनी दुरुस्त केलेला. राजाच्या शेजघरातल्या रामायणाच्या भित्तिचित्रांना खरे तर एक अख्खी दुपार हवी. जेवण एका साध्या खाणावळीत, केळीच्या पानावर. ह्यांनी सांबार दोनदा मागून घेतले. सव्वातीनला आम्ही बोटीच्या शिडीशी होतो, सगळ्यांच्या आधी. ह्यावरून हे मला अजून चिडवतात.

संध्याकाळी बोट बंदरातून बाहेर पडताना ती चिनी जाळी अगदी जवळून गेली. कठड्याशी वारा भरपूर होता. ह्यांच्या शर्टाच्या वरच्या दोन गुंड्या उघड्या होत्या. मी पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि पिशवीतले पापड नीट रचत बसले. दुकानदारांनी पैसे न घेता दिलेले. बेळगावला पोचेपर्यंत त्यातले निम्मे मोडले.