कचेरीची लेखणी आपल्या हातीं

सरकार हा शब्द आमच्या खेड्यापाड्यांतून आदरानें उच्चारला जातो. पण त्या आदरांत भीतीचा अंश पुष्कळ असतो. कचेरींत काम आहे असें घरधन्यानें म्हटलें कीं त्याचा तो दिवस बुडाला, असें घरचीं माणसें समजून चालत. याचें एक कारण अंतर हें होय. आज सांगली जिल्ह्यांत असलेला आमचा खानापूर तालुका 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यांत मोडत असे. त्या सालीं ऑगस्ट महिन्यांत दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, व 1960 सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. तोंवर कलेक्टरसाहेबांपुढें गाऱ्हाणें न्यावयाचें म्हणजे विट्याहून साताऱ्यास जावें लागे. आणि बैलगाडीच्या काळीं ही वाट मैलांनीं न मोजतां दिवसांनीं मोजावी लागे.

दुसरें अंतर याहून मोठें होतें, तें अक्षराचें. महात्मा जोतीराव फुले यांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत निरक्षर शेतकरी कचेरींतील कारकुनांच्या हातून कसा नागवला जातो याचें वर्णन आहे. जोतीराव स्वतः पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते, ही गोष्ट आमच्यासारख्या मिशनच्या शाळेंतून वाढलेल्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कागदावर काय लिहिलें आहे हें ज्यास वाचतां येत नाहीं, तो कचेरीच्या उंबऱ्यावर उभा असूनहि तिच्यापासून दूरच असतो.

यांपैकीं पहिलें अंतर आमच्या डोळ्यांदेखत तुटत आहे. 'आपले सरकार' हें तक्रारींचें संकेतस्थळ महाराष्ट्रांत 2015 सालीं सुरू झालें. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला. याचें मोल आमच्या तालुक्यास विशेष कळतें. सोनेंचांदी गाळण्याचा धंदा करणारे आमचे गलाई बांधव भारताच्या कानाकोपऱ्यांत पसरले आहेत. कुटुंब परमुलखांत व जमीन मात्र येथें, अशीं घरें गांवोगांवीं आहेत. पूर्वीं एका उताऱ्यासाठीं त्यांना भाऊबंदांकडे निरोप धाडावा लागे किंवा आगगाडीनें यावें लागे. आतां तोच उतारा दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या फोनवर येतो.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा पालट 15 ऑगस्ट 2021 पासून झाला, आणि शहरांतील पुष्कळांच्या तो कानांवरहि गेला नाहीं. सातबाराचे दोन भाग असतात. गांवनमुना सात यांत जमीन कोणाची तें लिहिलेलें असतें, व गांवनमुना बारा यांत तींत काय पिकलें तें. ही बाराची नोंद पिढ्यान् पिढ्या तलाठी करीत आला. 2024 सालीं त्या पदास ग्राम महसूल अधिकारी असें नांव देण्यांत आलें. एका तलाठ्याकडे अनेक गांवें. बांधाबांधानें हिंडणें त्यास कोठून जमणार? चावडींत बसून मागील सालचींच पिकें पुढें ओढलीं जातात, अशी कुरकुर जिकडेतिकडे ऐकूं येई. 'ई-पीक पाहणी' या योजनेनें ती लेखणी शेतकऱ्याच्या हातीं दिली. त्यानें मोबाइल घेऊन आपल्या शेतांत उभें राहावें, गटनंबर व पीक नोंदवावें, उभ्या पिकाचा फोटो काढावा; जागेचे अक्षांश-रेखांश यंत्र आपण होऊन टिपतें. 2022 सालीं ॲपमध्यें सुधारणा झाली, तेव्हां स्वतःची नोंद 48 तासांच्या आंत दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. आणि त्याच वेळीं असें ठरलें कीं, शेतकऱ्यानें स्वतः सांगितलेलें पीक ग्राह्य धरावें, व शेंकडा दहा नोंदी तेवढ्या तलाठ्यानें पडताळून पाहाव्या.

शेंकडा दहा! वाचकहो, या आंकड्याकडे क्षणभर पाहा. म्हणजे शेंकडा नव्वद नोंदींच्या बाबतींत सरकारनें नागरिकाच्या शब्दावर विश्वास टाकला. ज्या शेतकऱ्याचा अंगठा घेऊन कारकून मनास येईल तें लिहीत असे, त्याच्याच शब्दावर आज सरकारी दप्तर उभें राहिलें आहे. स्वराज्य या शब्दाचा याहून साधा अर्थ मला तरी सांपडत नाहीं.

तथापि मला आज जें सांगावयाचें आहे तें याच्या पुढचें आहे. ही लेखणी शेतकऱ्याच्या हातीं आली असें आपण म्हणतों. प्रत्यक्षांत ती कोणाच्या हातीं आहे? आमच्या वर्गांतील मुलांमुलींच्या. हंगामाच्या दिवसांत एखादा विद्यार्थी उशिरां आला व कारण विचारलें, तर "सर, आबांची पीकपाहणी करायला रानांत गेलों होतों" असें उत्तर मला दरसाल ऐकावयास मिळतें. आईच्या बँकेचा ओटीपी मुलगी वाचते, आजोबांचा अर्ज नातू भरतो. माझ्या लहानपणीं गल्लींत ज्याला वळणदार अक्षर येई त्यास शेजारच्या बाया पत्रें लिहावयास बसवीत. दूरदेशीं गेलेल्या नवऱ्यास काय लिहावयाचें तें बाई सांगत जाई, आणि लिहून झालें कीं पहिलें वाक्य हेंच असे, "आतां वाचून दाखव." त्या बाईस अक्षर येत नव्हतें, पण आपल्या नांवानें काय जात आहे हें ऐकल्यावांचून ती पत्र चिकटवूं देत नसे. तें पत्रलेखकाचें काम आज घरोघरच्या विद्यार्थ्याकडे आलें आहे. मात्र वाचून दाखविण्याची ती चाल मागें पडूं लागली आहे. बोटानें चारपांच ठिकाणीं दाबलें कीं झालें, अशी घाई दिसते.

दोन वर्षांपूर्वीं नववींतील एक मुलगा मधल्या सुटींत माझ्याकडे आला. त्याच्या भावकींतील कोणी त्याला सांगत होता, "आमच्या तुकड्यांत यंदा कांहीं पेरलें नाहीं, पण तुमचा कांदा बांधाला लागूनच आहे, त्याचाच फोटो आमच्या नांवावर घाल. पुढें कांहीं मदत जाहीर झाली तर उपयोगी पडेल." मुलगा विचारी होता. तो मला म्हणाला, "सर, फोटो तर खऱ्या कांद्याचाच आहे. मग खोटें काय झालें?" प्रश्न त्यानें चतुराईनें विचारला नव्हता, त्याला खरोखरीच उत्तर पाहिजे होतें.

मीं त्याला यंत्र पकडील, शिक्षा होईल, असें भय घातलें नाहीं. शंभर वर्षांहूनहि जुनी एक हकीकत सांगितली. इंग्रजी अमलाच्या आरंभीं, 1827 च्या सुमारास, प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें दख्खनच्या जमिनींची पाहणी केली. त्याची गणिताची पद्धत मोठी बारकाईची होती. पण खालच्या नोकरांनीं लांच खाऊन जमिनीची प्रत भलतीच लिहिली. अंदाज चुकले, सारा वाजवीपेक्षां जास्त बसला, आणि शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. अखेर 1835 पासून इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या दोघांना तें काम नव्यानें हातीं घ्यावें लागलें. गणित शुद्ध असून नोंद खोटी असली कीं तिचें फळ माणसांना भोगावें लागतें. मीं त्याला एवढेंच विचारलें, "तेव्हां खोटें लिहिणारा कारकून होता, आणि आपण त्याला शिव्या दिल्या. आज लिहिणारा तूं आहेस. उद्यां गारपीट झाली व तालुक्यांत कांदा किती होता हें सरकारनें दप्तरांत पाहिलें, तर तुझा तो नसलेला कांदा कोणाच्या असलेल्या कांद्यांतून वजा होईल?" तो थोडा वेळ उभा राहिला, आणि "त्यांना मी नाहीं म्हणून सांगतों" असें म्हणून गेला. घरीं त्याला बोलणीं खावीं लागलीं, असें मागाहून कळलें. भावकींत नाहीं म्हणणें हें चौदा वर्षांच्या पोरास सोपें नसतें. म्हणूनच मला त्याचें कौतुक वाटतें.

हें झालें नागरिकाच्या कर्तव्याविषयीं. पण लेखणी हातीं आली म्हणजे उत्तर मागण्याचा हक्कहि आला. आमच्या विटें नगरपालिकेस 2021 च्या स्वच्छ सर्वेक्षणांत एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत देशांत पहिला क्रमांक मिळाला. दुसरा लोणावळ्यास व तिसरा सासवडास. त्या परीक्षेच्या एकंदर 6000 गुणांपैकीं 1800 गुण नागरिकांच्या सहभागास होते, आणि देशभरांतील पांच कोटींहून अधिक लोकांनीं आपलें मत नोंदविलें. हा मान आम्हांस भूषणावह आहेच. झाडूवाल्या भगिनींच्या पहांटेच्या कष्टांनीं तो मिळाला, हें विसरतां कामा नये. मात्र मत नोंदविणें म्हणजे केवळ शाबासकी देणें नव्हे. गटार तुंबलें असतां त्याचा फोटो पाठविणारा नागरिकहि गांवाचा तितकाच हितचिंतक होय.

माझ्या एका परिचितांनीं एका कार्यालयाकडे फुटलेल्या नळाविषयीं फोनवरून तक्रार केली. चार दिवसांनीं संदेश आला: "आपली तक्रार निकालीं काढण्यांत आली आहे." नळ वाहतच होता. ते संतापले नाहींत, व गप्पहि बसले नाहींत. त्यांनीं त्या दिवशींच्या वर्तमानपत्राचा अंक नळाजवळ धरून नवा फोटो काढला, जुना तक्रारक्रमांक वर लिहिला, व एका वाक्यांत कळविलें कीं पाणी अद्याप वाहत आहे. तिसऱ्या खेपेस माणूस आला. तक्रार निकालीं निघणें आणि काम होणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें ज्याला कळलें त्यालाच या यंत्राचा उपयोग करतां येतो.

कायदाहि अशा चिकाटीच्या बाजूस आहे. 2005 च्या माहितीच्या अधिकारानें दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळालें पाहिजे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानें ठरलेली सेवा ठरल्या मुदतींत न मिळाल्यास दोन अपिलें खात्यांत व तिसरें आयोगाकडे करतां येतें, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पांचशें ते पांच हजार रुपये दंड होऊं शकतो. हे कायदे नसते तर आमचा मोबाइल म्हणजे तळ नसलेली तक्रारपेटी झाली असती.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शेतकामानें व भांडीं घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या आहेत, अशा म्हाताऱ्या आमच्या गांवांत आहेत. यंत्रावर त्या अंगठा ठेवतात, यंत्र ओळखत नाहीं. जन्मभर अंगठाच जिची सही होती, तिची ती सहीहि आतां चालेनाशी व्हावी! अशा माणसांसाठीं कचेरीची जुनी खिडकी उघडी राहिलीच पाहिजे. युरोपांत एस्टोनिया म्हणून एक देश आहे. आमच्या सांगली जिल्ह्याच्या निम्म्या वस्तीचा. 2005 सालीं तेथें इंटरनेटवरून मतदान सुरू झालें. परंतु तेथेंहि कागदी मतपत्रिका बंद केली नाहीं. उलट घरून मत दिल्यावर मतदानकेंद्रावर जाऊन कागदावर मत दिलें, तर कागदावरचेंच धरलें जातें. पुढारलेल्या देशानें जुना दरवाजा मोडला नाहीं. मग आपण कां मोडावा? आमच्या ग्रामसभेचेंहि असेंच आहे. समोरासमोर उभें राहून विचारलेल्या प्रश्नाची जागा कोणतेंहि ॲप घेऊं शकणार नाहीं.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो व विद्यार्थिनींनो, तुम्ही आपापल्या घरचे कारकून झालां आहां, हें जाणून कांहीं नियम बाळगा. ज्याच्या नांवानें लिहितां त्याला आधीं वाचून दाखवा, व त्यानें होय म्हटल्यावरच बटण दाबा. जें डोळ्यांनीं पाहिलें तेंच लिहा. तारीख, ठिकाण व क्रमांक यांवांचून तक्रार पाठवूं नका. दुसऱ्याचा ओटीपी ही दुसऱ्याची किल्ली आहे. काम होतांच ती विसरा. कामाबद्दल म्हातारीकडून पैसा घेऊं नका. आणि उत्तर आलें नाहीं तर सभ्य शब्दांत पुन्हां लिहा, व पुन्हां लिहा.

मराठीच्या पेपरांत आम्ही तुम्हांस अर्जलेखन शिकवितों, त्यास कांहीं गुण असतात, आणि परीक्षा झाली कीं तें विसरलें जातें. या उन्हाळ्याच्या सुटींत प्रत्येकानें ज्याला लिहितां येत नाहीं अशा एका माणसासाठीं एक खरा अर्ज लिहावा, आणि त्याचें काम होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. जूनमध्यें शाळा उघडल्यावर त्या अर्जाचें काय झालें तें मी वर्गांत विचारणार आहें.