खंड, मुदत आणि भाभींचा आठवा हिस्सा

इंदापूर तालुक्यात 'खंड' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जमीन एकाची, कसणारा दुसरा आणि वर्षाला ठरलेली रक्कम. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, त्यामागून ऊस आला. पण उसाला लागणारा पैसा लहान शेतकऱ्याकडे कुठून असणार? मग खासगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेतल्या. वालचंदनगर उभे राहिले ते 1930 नंतरच्या त्याच काळात. आमच्या आजोबांनीही 1932 साली आपली जमीन एका साखर कंपनीला 30 वर्षांच्या मुदतीने दिली होती. घरात आम्ही दखनी बोलतो, पण या शब्दाला दखनी शब्द कधी लागला नाही. दादी विचारायची, "खंड आया क्या?"

मुदत भरत आली आणि 26 जानेवारी 1962 रोजी महाराष्ट्राचा कमाल जमीन धारणेचा कायदा अमलात आला. साखर कारखान्यांकडे असलेल्या जमिनी शासनाने घेतल्या. 1963 साली शेती महामंडळ स्थापन झाले आणि त्या जमिनी त्याच्याकडे गेल्या. जमिनीचे मूळ मालक 'खंडकरी शेतकरी' या नावाने मोर्चे काढत राहिले. त्यांना जमीन परत देण्याची वाट 2012 च्या कायदादुरुस्तीने मोकळी झाली. तोवर आजोबा गेले होते, अब्बाही गेले होते. 30 वर्षांच्या कराराची 80 वर्षे झाली. मुदत कोणी वाढवली नव्हती, ती आपोआप वाढत गेली होती.

हे सगळे आता आठवण्याचे कारण असे, की आज आम्ही कराराच्या दुसऱ्या बाजूला उभे आहोत. आमचे भाईजान नोकरीसाठी इंदापूर सोडून नवी मुंबईत गेले आणि नेरुळला त्यांनी फ्लॅट घेतला. "अपना घर हो गया," असे त्यांनी अब्बांना लिहिले होते. घर आपले झाले हे खरे, पण जमीन सिडकोची. ती सोसायटीला 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. आमच्या सोसायटीचा पट्टा 1986 चा, म्हणजे 2046 ला संपणारा. हा काळ एकरकमी शुल्क भरून 99 वर्षांपर्यंत वाढवता येईल, असा निर्णय राज्य शासनाने 2018 च्या सुमारास घेतला. आता सोसायटीने सभासदांना नोटीस काढली आहे: ठराव करायचा आहे, प्रत्येकाने आपला वाटा सांगावा.

वीस वर्षे उरली की काय बिघडते, असे बारामतीतले शेजारी विचारतात. बिघडते ते आजच. घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो उरलेल्या वर्षांचा, आणि बँकही कर्ज देताना तेच मोजते. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो, की मुदत संपली की भाडेकरूने ताबा परत द्यावा. जाण्यापूर्वी आपण जमिनीला जोडलेल्या वस्तू काढून नेण्याचीही तो मुभा देतो. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर कसे काढून न्यायचे, हे मात्र कायद्यात नाही! इंग्लंडात हीच रड आहे. तिथे 1993 च्या कायद्याने फ्लॅटधारकाला 90 वर्षे वाढवून मागण्याचा हक्क दिला, आणि 2024 च्या कायद्यात तर 990 वर्षांची तरतूद आहे. आमच्या बारामतीच्या एमआयडीसीतले भूखंडही 95 वर्षांच्या पट्ट्यावरच आहेत. असो.

खरी अडचण मुदतीची नाही, पैसे कोणी भरायचे याची आहे. भाईजान गेले. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून भाभींचे नाव लागले. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शरीअतप्रमाणे घराचे 24 भाग केले, तर भाभींचे 3, मुलाचे 14 आणि मुलीचे 7. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी इंदापुरात दिलेली. मुलगा म्हणाला, "अम्मी, घर तुझ्या नावावर आहे, तूच भर." भाभींनी लगेच बँकेतली ठेव मोडायची तयारी केली. बकरी ईदला त्या बारामतीला आल्या होत्या, तेव्हा आम्ही विचारले, "भाभी, तुम्ही 68 वर्षांच्या. वाढीव वर्षे कोणासाठी विकत घेताय?"

त्या हसल्या. "मेरे को तो बीस बरस बहुत हैं, भय्या. बच्चों का सोचना पडता ना."

बच्चे म्हणजे 24 पैकी 21 भाग. तीन भागांच्या मालकिणीने चोवीस भागांचे पैसे भरायचे, ही आईची माया म्हणून आपल्याकडे गोड मानली जाते. आम्हाला ती पटत नाही. शरीअतने बाईला जो हिस्सा दिला, तो घेताना सगळे हिशेब नीट मांडतात. खर्चाच्या वेळी तोच हिशेब कोणाला आठवत नाही. आम्ही कागदावर तिन्ही आकडे लिहिले, प्रत्येकापुढे शुल्काचा वाटा लिहिला आणि दोन्ही मुलांना पाठवला.

इंदापूरहून पुतणीचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. "चाचा, सातवर सात भरते. थोडे हप्त्याने चालेल का? पण वारस म्हणून माझेही नाव दप्तरी लागले पाहिजे." तिच्या नवऱ्याची काही हरकत नव्हती. तिने भाभींनाही तसे सांगितले, आणि ठेव मोडायचा अर्ज त्यांच्या पर्समध्येच राहिला.

पुतण्याचे उत्तर अजून यायचे आहे. सोसायटीची सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. भाभींबरोबर आम्हीही नेरुळला जाणार आहोत.