तळ्यांच्या नगरीतील काचेची तळी

जबलपूर ही तळ्यांची नगरी. गोंड राजांच्या काळी येथे बावन्न तळी होती, असे लोक सांगतात. राणी दुर्गावतीचे राणीताल, तिच्या दासीचे चेरीताल, तिचा दिवाण आधारसिंह याचे आधारताल. ही नावे वस्त्यांना आजही चिकटून आहेत, पाणी मात्र कित्येक ठिकाणी हटून तेथे घरे उभी राहिली. अशा नगरीतील दिवाणखान्यांत काचेची तळी दिसली, तर नवल ते काय?

वाचकहो, या काचेच्या तळ्यात सोडावयाचे मासे कोठून आणावेत, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश यांपैकी एकही नर्मदेचे लेकरू नव्हे. बाजारातील पुष्कळसे मासे हावडा व चोवीस परगण्यांतील तळ्यांत किंवा चेन्नईच्या कोळत्तूर भागात वाढलेले असतात. मुंबईहून व कलकत्त्याहून निघालेले लोहमार्ग १८७० साली ज्या जबलपुरात एकमेकांस भेटले, तेथवर यायचे म्हणजे माशालाही लांबचा प्रवास चुकत नाही. दुकानातून घ्या अथवा ऑनलाइन मागवा, फरक एवढाच की, त्या प्रवासाची अखेर दुकानदाराच्या टाकीत होते की आपल्या घरी.

हा फरक लहान नव्हे. प्रवासाच्या पिशवीत एक भाग पाणी आणि त्याच्या सुमारे दुप्पट प्राणवायू भरतात. घाण कमी व्हावी म्हणून माशाला आधी उपाशी ठेवतात. तरीही अमोनिया साचतोच. माशाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होते, म्हणून बंद पिशवीत त्या अमोनियाचे विष मंद असते. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो आणि मंद विष प्रखर होते. यासाठी दोन दिवसांचा प्रवास करून आलेली पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, नंतर उघडून मासा जाळीने चटकन टाकीत घ्यावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. टाकीतले पाणी पिशवीत थोडेथोडे मिसळत बसण्याची जुनी रीत दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशाला ठीक, प्रवाशाला नव्हे.

चांगला दुकानदार हे सारे आपल्या अंगावर घेतो. शहराला खंदारी व परियट या जलाशयांचे आणि नर्मदेचे पाणी मिळते; आठवडाभर त्याच पाण्यात टिकलेला मासा आपल्या घरीही टिकण्याचा संभव अधिक. तो अन्न खातो की नाही, पंख मिटून कोपऱ्यात बसतो काय, अंगावर पांढरे ठिपके आहेत काय, हे समोर उभे राहून पाहता येते. मोबाईलच्या पडद्यावरचे चित्र तुमच्या माशाचे असेलच असे नाही.

परंतु सगळेच दुकानदार चांगले असतात, असे कोण म्हणेल? एका टाकीत दाटी, तळाशी मेलेला मासा आणि वर दिव्याचा झगमगाट दिसला, तर जवळचे दुकान म्हणून दया दाखवू नये. शिवाय डिस्कससारखा नाजूक किंवा एखादा दुर्मिळ मासा लहान शहरातील दुकानदार सहसा ठेवत नाही. तेथे ऑनलाइन विक्रेत्याचा आधार घ्यावाच लागतो. फायटर मासा हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे तो असा प्रवास पुष्कळांपेक्षा बरा सोसतो. मात्र जबलपूरचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा काहीही मागवू नये. मेलेल्या माशाचे पैसे परत मिळण्यासाठी बहुधा न उघडलेल्या पिशवीचे चित्रीकरण मागतात, ही अट आधी वाचावी. आणि मासा कोठूनही आणला तरी दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा.

राहिला नको झालेला मासा. बोटाएवढा म्हणून आणलेला प्लेको हातभर वाढतो, तेव्हा त्याला गुपचूप तळ्यात सोडण्याचा मोह होतो. तसे करू नये. हा परका मासा तळ्यात टिकतो आणि तेथल्या माशांच्या जिवावर उठतो. ओळखीचा दुकानदार असा मासा पुष्कळदा परत ठेवून घेतो; खोके दारात ठेवून गेलेला कुरियरवाला त्यासाठी पुन्हा येत नाही.