जुनी वही हाताशी असावी

दिवाळीला वहीपूजन होते, नवी रोजकीर्द उघडली जाते. पण जुनी वही कोणी त्याच रात्री टाकून देत नाही. येणी-देणी पुढे ओढून ताळा जमेपर्यंत ती गादीशेजारीच असते. वडसा-देसाईगंज येथील एका धान्यव्यापारी कुटुंबात संगणकाच्या बाबतीत मात्र हा परिपाठ विसरला गेला.

पेढीच्या संगणकावर लिनक्स होते. कर्नल हा त्याचा गाभा. प्रिंटर, नेटवर्क, मेमरी या साऱ्यांशी व्यवहार पाहणारा तो जणू मुनीमच. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तो प्रथम जाहीर केला. आज दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते.

धाकट्या मुलाने १९ तारखेच्या सायंकाळी नवा कर्नल बसवला. पडदा उजळला, म्हणजे परीक्षा झाली असे समजून त्याने जुने कर्नल काढूनही टाकले. मग लक्षात आले, वायफाय नाही. त्याचा ड्रायव्हर बाहेरून आणून जुन्या कर्नलसाठी बांधलेला होता. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी भरण्याची अंतिम तारीख.

“बाबूजी, चूक माझी झाली,” तो म्हणाला.

वडिलांनी आवाज चढवला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “जुनी वही कुठे आहे?”

मुलापाशी उत्तर नव्हते. मोबाइल केबलने जोडून त्याने इंटरनेट मिळवले, जुना कर्नल पुन्हा उतरवला आणि ड्रायव्हर नव्याने बांधला. मध्यरात्र उलटली, तोवर वडील शेजारी बसून होते. विवरणपत्र वेळेत गेले.

आता त्या घरात नियम ठरला आहे. महिन्याच्या १५ ते २० तारखेत संगणकाला हात लावायचा नाही. आधी हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची. नवा कर्नल प्रथम घरच्या संगणकावर बसवून नेटवर्क, प्रिंटर, आवाज तपासायचे आणि आठवडाभर वापरायचे. त्यानंतर पेढीवर आणि शेवटी चंद्रपूरच्या दुकानात. जुना कर्नल सोबतच ठेवायचा. सुरू होतानाच्या यादीतून तो केव्हाही निवडता येतो. मात्र दोनच ठेवायचे, कारण बूटची जागा थोडी असते. संग्रहालाही मर्यादा हवी.

प्रतिक्रमण म्हणजे परत फिरणे. परतण्याची वाट राखून पुढे पाऊल टाकणे हा भित्रेपणा नव्हे, हे त्या मुलाला त्या रात्री कळले.