सिंदी आणि सिंदी मेघे

संकेतस्थळ कोणत्या आशय-व्यवस्थापन प्रणालीवर उभारावे, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांनी चघळण्याचा नव्हे, असे आम्हांस आरंभी वाटत असे. पण प्रकल्प शब्दांचा होता. मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या मुक्तस्रोत आज्ञावलीला वर्ध्याकडच्या बोलीतील शब्द शिकवावेत, एवढाच त्याचा हेतू. ‘पोट्टा’ लिहिला की त्याखाली लाल रेघ उमटते, आणि ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर हे तिच्या गावीही नसते! विद्यार्थी शब्द टिपून आणत, आम्ही ते निवडत असू, आणि आज्ञावलीचे काम दोघा माजी विद्यार्थ्यांकडे होते. सारे विनामोबदला.

त्या दोघांचा ओढा ड्रुपलकडे होता. २००७ साली सुरू झालेली ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’ ही मराठी संकेतस्थळे त्यावरच उभी राहिली, तेव्हा मराठीला ते परके नव्हते. त्याच्या नावाची कथाही मनोरंजक आहे. द्रीस बॉयतार्ट यांना ‘दोर्प’, म्हणजे डच भाषेतील खेडे, असे नाव नोंदवायचे होते. टंकताना त्याचे ‘ड्रॉप’ झाले, आणि थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून पुढे ‘ड्रुपल’. परंतु ड्रुपलची सातवी आवृत्ती २०११ मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा आधार संपला. तिच्यावरून पुढच्या आवृत्तीत जाणे म्हणजे डागडुजी नव्हे, जवळजवळ नवे घर बांधणे. पगारी माणसे असलेल्या संस्थेला ते झेपते. आमच्याकडचे दोघे उद्या नोकरीसाठी पुण्याला गेले, तर काय?

येथे आम्हांला महानुभावांची सकळ लिपी आठवली. सांकेतिक लिपीत ग्रंथ सुरक्षित राहिले खरे, पण पंथाबाहेरच्या वाचकाला ते शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आदींनी त्या लिपीची उकल केली, तेव्हा कुठे प्राचीन मराठी गद्याचे हे दालन अभ्यासकांना खुले झाले. प्रणालीच्या विदागारात साठवलेला मजकूर असाच असतो. जाणकार आहे तोवर तो सुरक्षित. जाणकार गेला की उकल करणारा राजवाडे प्रत्येक वेळी भेटेलच असे नाही. म्हणून शब्दसूची साध्या युनिकोड मजकुराच्या धारिकेत ठेवावी, असे आम्ही प्रथम ठरवले. ती कोणत्याही संगणकावर उघडते.

मग संपूर्ण संकेतस्थळच साध्या धारिकांचे का नको? हा विचार आम्हांला फार मोहक वाटला होता. परंतु शब्द आणणारी मुले मोबाइलवरून लिहितात. धारिका घडवून चढवण्याचे तंत्र त्यांच्यावर लादले असते, तर शब्द आटले असते. मीडियाविकीची खूणभाषाही त्यांना जाचक झाली असती. राहता राहिले २००३ पासूनचे वर्डप्रेस. ते कोणालाही तासाभरात वापरता येते, आणि वर्ध्यात ते जाणणारे दहाजण सहज मिळतील.

त्याची खोड मात्र चाचणीतच दिसली. शीर्षकावरून ते पानाचा पत्ता आपणहून बनवते आणि त्याला दोनशे चिन्हांची मर्यादा घालते. रोमी अक्षराला त्यात एक जागा पुरते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला नऊ लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सारी वेगळी मोजली जातात. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम बावीस चिन्हे! ‘बोलीतील शब्दसंग्रह सिंदी मेघे’ हे शीर्षक दिले, तर पत्ता ‘सिंदी’पाशीच नेमका संपला. आता वर्धा जिल्ह्यात नुसते सिंदी म्हटले की ते सेलू तालुक्यातले, रेल्वेचे सिंदी. आमचे सिंदी मेघे वर्धा शहराला लागून. ज्या प्रकल्पात कोणता शब्द कोणत्या गावचा हेच महत्त्वाचे, त्यात गावच बदलले होते.

पत्ते रोमीत हाताने लिहावेत, असा सोपा उपाय सुचवला गेला. तो आम्ही नाकारला. मराठी शब्दांच्या दारावर रोमी पाटी लावायची, तर एवढा खटाटोप कशासाठी? अखेर वर्डप्रेसच घेतले. शब्दसूची वेगळ्या धारिकेत राहिली, आणि शीर्षकात गावाचे नाव आधी घालण्याचा नियम झाला. आता ‘सिंदी मेघे बोलीतील शब्दसंग्रह’ असे लिहिले की पत्त्यात शब्दसंग्रहाचा ‘शब्दस’ तेवढा उरतो.