पावसातले एकोणीस व्होल्ट

पत्रकावर निळ्या समुद्रात एक शिडाची बोट होती आणि तिच्या शिडावर काळी चकाकती पट्टी. खाली ठळक अक्षरं : 'गुंडाळून ठेवता येणारं नवं सोलर. एका चौरस मीटरमधून ५०० वॅट. पावसात आणि चांदण्यातही वीज.'

"आरं, ह्ये खरं असतंय का?" आत्यानं विचारलं.

मी महाडला हायस्कुलात मराठी शिकवतो. विजेचं शास्त्र दहावीनंतर हातात धरलेलं नाही. पण तिचा प्रश्न मला टाळता येईना. आत्या तळीयेला, म्हाडानं बांधलेल्या घरात राहते. २२ जुलै २०२१ ला दुपारनंतर तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. खाली महाड सावित्रीच्या पुरात होतं. रस्ते तुटलेले, लाइन नाही, मोबाइलला रेंज नाही. मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तेव्हापासून जुलै लागला की आत्याचा फोन दिवसभर चार्जरला असतो, आणि लाइन गेली की ती दाराशी येऊन बसते. 'पावसातही वीज' हे शब्द तिनं वाचले आणि पत्रक जपून ठेवलं, यात भाबडेपणा नव्हता. तिला जे हवं होतं, नेमकं तेच विकायला कुणीतरी दारात आलं होतं.

मी पत्रक शाळेत नेलं. विज्ञानाच्या सरांनी ते वाचलं, हसले नाहीत, फक्त विचारलं, "एका चौरस मीटरवर ऊन किती पडतं?" मला कळेना. ऊन मोजायचं असतं हेच मला नवीन होतं. भर दुपारी, निरभ्र आभाळात, सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. पॅनेलवर छापलेले वॅटसुद्धा त्याच हिशेबानं काढतात : १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. म्हणजे ५०० वॅट म्हटलं की आलेल्या उन्हातलं निम्मं ऊन विजेत बदललं. बाजारातलं चांगलं पॅनेल विसाच्या थोडं पुढे, २२-२३ टक्क्यांपर्यंत जातं. सिलिकॉनची अंगची मर्यादाच २९ टक्क्यांच्या आसपास आहे.

मग मला एक बातमी सापडली आणि मी पुन्हा गोंधळलो. प्रयोगशाळेत ४७ टक्क्यांपर्यंत सेल गेले आहेत म्हणे. तर मग पत्रक खोटं कसं? सर म्हणाले, ते सेल अनेक थरांचे आणि एवढेसे, भिंगांनी ऊन शेकडो पटींनी एकवटून त्यांच्यावर पाडतात. तशी भिंगं शिडावर कोण बांधणार, आणि ढग आले की भिंग एकवटणार काय? खरी बातमी आणि खोटी जाहिरात एकाच आकड्यावर उभी राहू शकते, हे मला त्या दिवशी नीट दिसलं.

बोटीचा फोटो मात्र मनातून जाईना. समुद्रावर भरवसा ठेवून कुणी वापरत असेल तर त्यात काही तथ्य असणार ना? सरांनी 'प्लॅनेटसोलर' या बोटीची माहिती काढून दिली. निव्वळ उन्हावर चालणाऱ्या या बोटीनं सप्टेंबर २०१० मध्ये मोनाकोहून निघून मे २०१२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तिच्यावर ५३७ चौरस मीटर पॅनेल होतं, ताकद ९३ किलोवॅट. मी भागाकार केला : चौरस मीटरला साधारण १७३ वॅट. जगप्रदक्षिणा करणाऱ्या बोटीला १७३ पुरले आणि आमच्या दारात ५०० विकायला आले! शिवाय त्या बोटीच्या पोटात साडेआठ टन बॅटऱ्या होत्या, त्याबद्दल पत्रकात एक अक्षर नाही. साध्या शिडाच्या बोटीला तर वारा ढकलतो. सोलरवर दिवे, रेडिओ, दिशा दाखवणारी यंत्रं चालतात. त्यातही डोलकाठीची सावली काही सेलवर पडली तरी वीज झपाट्यानं उतरते, कारण सेल एकामागे एक जोडलेले असतात. आत्याच्या घराला डोलकाठी नाही, पण डोंगर आहे. ऊन तिच्या छपरावर उशिरा येतं आणि लवकर जातं.

तरीही आत्या म्हणाली, "त्यानला बोलवू. डोळ्यांनी बघू." ते मला पटलं.

जुलैतल्या एका सकाळी विकणारा मुलगा आला. वागायला चांगला होता, आणि माझी खात्री आहे की त्याचा स्वतःचा त्या पत्रकावर विश्वास होता. झिमझिम पाऊस, डोंगर धुक्यात बुडालेला. त्यानं अंगणात काळी शीट पसरली, मीटरच्या दोन तारा लावल्या आणि मीटर आत्यापुढे धरला. १९ व्होल्ट. "उन्हात एकवीस येतात, आजी. भर पावसात एकोणीस!"

माझ्या पोटात खड्डा पडला. इतके दिवस केलेले हिशेब चुकले की काय?

आमच्याबरोबर गावातला वायरमन होता. त्यानं काही न बोलता खिशातून गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब काढला, १२ व्होल्ट, २१ वॅट, आणि त्याच तारांना जोडला. मीटरवरचे १९ व्होल्ट एकदम दोनच्याही खाली आले. बल्बची तार आत कुठेतरी तांबूस झाल्यासारखी वाटली, बस्स. ५०० वॅटच्या शीटवर २१ वॅटचा बल्ब पेटेना.

व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, अँपिअर म्हणजे नळाची धार, असं वायरमननं समजावलं. ढगाळ उजेडातही पॅनेलचे व्होल्ट जवळजवळ पूर्ण दिसतात. अँपिअर मात्र उजेडाच्या प्रमाणात घटतात. दाट ढगांत ते दहाव्या हिश्श्यावर येतात, कधी त्याहून खाली. म्हणून काही न जोडता मोजलेले व्होल्ट पावसात फारसं सांगत नाहीत. शीटच्या मागे लेबल शोधलं. वॅट, व्होल्ट, अँपिअर यांचे आकडे, आयएस १४२८६ हा मानक क्रमांक, असं काहीच तिथे नव्हतं. मुलगा बराच वेळ त्या बल्बकडे बघत राहिला. जाताना त्यानं शीट गुंडाळली आणि बल्बचे वॅट वहीत लिहून घेतले.

मी वायरमनला विचारलं, मग सरकारी योजनेतलं छपरावरचं सोलर घ्यावं का? २०२४ पासून प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. बिल कमी करायला ते उत्तमच. पण त्यानं सांगितलं, बॅटरीशिवायचं असं सोलर लाइन गेली की स्वतःहून बंद होतं, भर उन्हातही. खांबावर चढलेल्या माणसाला उलट्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आत्याला बिल कमी करायचं नव्हतं, तिला ती रात्र काढायची होती.

मग आम्ही तिघं ओट्यावर बसलो आणि पहिल्यांदाच योग्य टोकाकडून हिशेब मांडला. नऊ वॅटचा एक दिवा पाच तास : ४५ वॅट-तास. दोन फोन : ३० धरू. रेडिओ आणि गळती धरून एकूण शंभर. पावसाळी दिवसात शंभर वॅटचं साधं पॅनेल तेवढं देईलच असं नाही, म्हणून तीन दिवस काढील एवढी लिथियम बॅटरी घेतली, १२ व्होल्ट ३० अँपिअर-तासांची. पॅनेल साधं, चौकटीचं, मागे लेबल असलेलं. छपराच्या ज्या कोपऱ्यात डोंगराची सावली सगळ्यात उशिरा येते, तो कोपरा आत्यानं दाखवला. कुठल्या तासाला कुठवर ऊन येतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

टॉवरचीच वीज गेली तर भरलेला फोनही मुका राहील, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ठावं हाय. पर आपल्याकडनं कमी नको."

चार्जरवर बॅटरीचे व्होल्ट दिसतात. दिवा लावल्यावरच मोजायचे, हे तिनं वायरमनकडून पक्कं करून घेतलं आहे. रोज संध्याकाळी ती आकडा एका वहीत लिहिते. मागच्या खेपेला गेलो तेव्हा मी वही चाळली. एका पानावर आकड्याखाली तिच्या वळणदार, सावकाश अक्षरात ओळ होती : 'लाइन सांजच्याला गेली. पाऊस लय. दिवा चालू. फोन भरलेला.'